पवई

पवई हे बृहन्मुंबईच्या ईशान्य भागातील, साष्टी बेटाच्या मध्यावरील टेकड्यांच्या कुशीत वसलेले उपनगर आहे. पवई तलावाच्या काठी असलेले हे उपनगर भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिचे आवार, उंच इमारतींची नियोजित वसाहत आणि दाट वृक्षराजी यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात शेती व बागायतीचे क्षेत्र, विसाव्या शतकाच्या मध्यात शिक्षणसंस्था, कारखाने व दगडखाणींचा परिसर आणि १९८५ नंतर उच्चभ्रू निवासी वस्ती अशा तीन अवस्थांतून पवईचे आजचे स्वरूप घडले. तलावाचे प्रदूषण, परवडणाऱ्या घरांसंबंधीचा १९८६ चा करार आणि पाडे व झोपडवस्त्यांतील रहिवाशांचे हक्क या प्रश्नांमुळेही पवई सातत्याने चर्चेत राहिली आहे.

नाव

तलावाच्या काठी, तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात पद्मावती देवीचे जुने देवस्थान आहे. या देवीच्या नावावरून परिसराला ‘पवई’ हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती परंपरेने चालत आलेली आहे. ‘पवई’ हे तलावाचे आणि उपनगराचे सामाईक नाव असले, तरी वसाहतीचा पुष्कळसा भाग तिरंदाज, कोपरी अशा शेजारच्या जुन्या गावांच्या जमिनीवर उभा आहे. ही गावे आज महसुली दप्तरांत आणि काही रस्त्यांच्या व शाळांच्या नावांत उरली आहेत.

भौगोलिक स्थान

पवईच्या उत्तरेस विहार तलाव व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. पूर्वेस कांजुरमार्ग व विक्रोळी, दक्षिणेस चांदिवली व साकीनाका आणि पश्चिमेस आरे दुग्धवसाहत व मरोळ हे भाग येतात. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता पवईतून जातो. तलावाकाठच्या भागात त्याला आदि शंकराचार्य मार्ग असे नाव आहे. दक्षिण मुंबईचा व्यापारी भाग येथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मात्र अंधेरीचे औद्योगिक क्षेत्र, आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि वांद्रे–कुर्ला संकुल ही मुंबईची नवी व्यवसायकेंद्रे त्यामानाने जवळ आहेत. शहराच्या कामकाजाचे केंद्र दक्षिणेकडून उपनगरांकडे सरकले, तेव्हा पूर्वी ‘गावाबाहेर’ मानली जाणारी पवई आपोआप मध्यवर्ती झाली.

येथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पवई व विहार या दोन्ही तलावांचे सांडव्यावरून वाहणारे पाणी मिठी नदीला मिळते. त्यामुळे पवई तलाव कधी भरून वाहतो, याकडे नदीकाठच्या कुर्ल्यासारख्या सखल भागांचे लक्ष असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मिठीला आलेल्या महापुरात या दोन तलावांच्या सांडव्यांचे पाणीही होते.

इतिहास

बागायतीचा काळ

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत, १७९९ मध्ये पवई व तिच्या भोवतालची गावे डॉ. हेलेनस स्कॉट यांना वंशपरंपरागत भाडेपट्ट्याने देण्यात आली. स्कॉट यांच्या मृत्यूनंतर ही जमीन सरकारकडे परत गेली. १८२९ मध्ये मुंबईतील पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी यांनी ती घेतली. फ्रामजींना शेतीच्या नव्या प्रयोगांची आवड होती. त्यांनी पवईत ऊस, नीळ, तुती अशी पिके घेतली, विहिरी खोदल्या व रस्ते केले. मुंबईजवळील सुधारलेल्या शेतीचा नमुना म्हणून त्यांच्या या जमिनीचा उल्लेख एकोणिसाव्या शतकातील नोंदींत आढळतो. फ्रामजी १८५१ मध्ये निवर्तले. पवई तलाव त्यांनी बांधला असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, परंतु तलावाचे काम त्यांच्या निधनानंतर सुमारे चार दशकांनी झाले.

तलावाची निर्मिती

मुंबईला नळाने पाणी देण्याची सुरुवात १८६० मध्ये विहार तलावापासून झाली. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. तरीही वाढत्या शहराची तहान भागेना. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे काम सुरू असताना तातडीचा उपाय म्हणून पवईच्या खोऱ्यात मिठीच्या उपप्रवाहावर, दोन टेकड्यांच्या मधल्या जागेत, सुमारे १० मीटर उंचीचे दोन बंधारे घालण्यात आले. हा तलाव १८९० मध्ये पूर्ण झाला. महापालिकेच्या नोंदीनुसार त्याला १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला. तलावाचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर जलपृष्ठ सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि साठवणक्षमता ५४५.५ कोटी लिटर आहे.

पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. तानसा धरणाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आल्यावर पवईच्या पाण्याची निकडही उरली नाही. तेव्हापासून हा तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्याच्या यादीत नाही. त्याचे पाणी आरे दुग्धवसाहत व औद्योगिक वापरासाठी दिले जाते. पुढे तलावात गळाने मासे पकडण्याचा छंद जोपासणाऱ्यांची संघटना आली. ती आज महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाते.

शिक्षणसंस्था आणि उद्योग

स्वातंत्र्यानंतर शहराजवळची मोकळी आणि स्वस्त जमीन म्हणून पवईकडे लक्ष गेले. लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९४८ मध्ये येथे जमीन घेतली. त्या वेळी तो भाग दलदल आणि रानाचा होता. कंपनीच्या कारखान्यांमुळे परिसरात कामगारवस्ती वाढली.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई ही खरगपूरनंतरची देशातील दुसरी तंत्रज्ञान संस्था. १९५८ मध्ये युनेस्को व सोव्हिएत संघाच्या साहाय्याने ती स्थापन झाली. पहिले वर्ग वरळी येथील तात्पुरत्या जागेत भरले. पवई येथील आवाराची कोनशिला १० मार्च १९५९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली. सुमारे ५५० एकरांचे हे आवार पवई व विहार या तलावांच्या मधल्या पट्ट्यात आहे. शहरातील हिरव्या जागा कमी होत गेल्या, तरी आवारातील झाडी बऱ्याच अंशी टिकून राहिली. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून बिबटे अधूनमधून येथे येतात. विहार तलावाच्या बाजूस १९६३ मध्ये राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई हिच्यात झाले. चिन्मय मिशनचे सांदीपनी साधनालयही १९६३ मध्ये साकी विहार रस्त्यावर स्थापन झाले.

याच काळात भोवतालच्या टेकड्यांवर दगडखाणी चालत. मुंबईच्या इमारती व रस्त्यांना लागणारी खडी येथून जाई. खाणींतून निघालेली माती पावसाळ्यात तलावात येऊन साचली व त्याची खोली कमी झाली. पुढे ज्या उतारांवर उच्चभ्रू वसाहत उभी राहिली, त्यांतील काही भाग या खाणींनीच पोखरलेला होता.

नियोजित वसाहत

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तलावाच्या दक्षिणेकडील उतारावर ‘हिरानंदानी गार्डन्स’ या वसाहतीचे बांधकाम सुरू झाले. वास्तुरचनाकार हाफीज काँट्रॅक्टर यांनी तिची आखणी केली. उंच खांब, कमानी, घुमट आणि फिकट रंगांचे दर्शनी भाग असलेली नवअभिजात युरोपीय शैली त्यांनी येथे वापरली. त्या वेळच्या मुंबईतील चौकोनी, साध्या इमारतींच्या तुलनेत ही रचना वेगळी उठून दिसली आणि पुढे ठाणे व इतर शहरांतील अनेक वसाहतींनी तिचे अनुकरण केले.

या वसाहतीचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या स्वयंपूर्णतेत आहे. घरे, शाळा, रुग्णालय, दुकाने, उपाहारगृहे, उद्याने आणि कार्यालये चालत जाण्याच्या अंतरात आहेत. रस्त्यांच्या दुतर्फा वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची रांग असून पदपथ रुंद आहेत. मुंबईच्या इतर भागांत दुर्मीळ झालेली सावली आणि मोकळी हवा हे येथील घरांच्या चढ्या किमतीचे एक प्रमुख कारण मानले जाते. तंत्रज्ञान संस्थेचे सान्निध्य आणि मोठी कार्यालयीन संकुले यांमुळे २००० नंतर माहिती तंत्रज्ञान, वित्तसेवा व नवउद्योग या क्षेत्रांतील नोकरदारांची वस्ती येथे वाढली.

वसाहतीचे दैनंदिन जीवन तिच्या हद्दीबाहेरून येणाऱ्या श्रमावर चालते. घरकामगार, स्वयंपाकी, चालक, सुरक्षारक्षक व माळी यांपैकी अनेकजण चांदिवली, साकीनाका, विक्रोळी, भांडुप येथील चाळींतून व झोपडवस्त्यांतून पवईत येतात.

१९८६ चा करार आणि परवडणारी घरे

नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा १९७६ मध्ये लागू झाल्यानंतर पवईतील मोठ्या खासगी जमिनींचा प्रश्न पुढे आला. या जमिनी संपादित करण्याची प्रक्रिया राज्य शासनाने सुरू केली. अखेर १९ नोव्हेंबर १९८६ रोजी राज्य शासन, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. त्यानुसार पवई, तिरंदाज व कोपरी येथील सुमारे २३० एकर जमीन हेक्टरी १ रुपया या नाममात्र दराने ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर विकासासाठी देण्यात आली.

दर नाममात्र ठेवण्यामागे सार्वजनिक हेतू होता. जमिनीवर निम्मी घरे ४० चौरस मीटरची व निम्मी ८० चौरस मीटरची असावीत आणि १५ टक्के घरे शासनाला चौरस फुटास १३५ रुपये या दराने द्यावीत, अशा अटी करारात होत्या. घराचा आकार लहान ठेवला की त्याची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात राहील, हा या अटींचा आधार होता.

प्रत्यक्षात शेजारशेजारच्या सदनिका एकत्र करून मोठी घरे तयार झाली आणि ती श्रीमंत खरेदीदारांना विकली गेली, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. विकासकाने कराराचा भंग झाल्याचा आरोप नाकारला. सामाजिक कार्यकर्त्या मेधा पाटकर यांच्यासह इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्या. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने उर्वरित जमिनीवर अन्य कोणतेही बांधकाम करण्यापूर्वी ४० चौरस मीटरच्या १,५११ व ८० चौरस मीटरच्या १,५९३ सदनिका बांधण्याचा आदेश दिला. सार्वजनिक हेतूने सवलतीत दिलेल्या जमिनीचा वापर त्याच हेतूसाठी झाला पाहिजे, हे तत्त्व या प्रकरणामुळे ठळकपणे पुढे आले. नगरनियोजनाच्या अभ्यासात पवईचे उदाहरण त्यामुळे वारंवार दिले जाते.

पाडे आणि झोपडवस्त्या

पवई परिसरात नियोजित वसाहतीपूर्वीपासून राहणारी आदिवासी कुटुंबे आहेत. तंत्रज्ञान संस्थेच्या आवाराला लागून असलेले पेरूबाग आणि आरेच्या बाजूचे पाडे ही त्यांची वस्तीस्थाने होत. तलावातील मासेमारी, परसातील भाजीपाला, जंगलातील रानभाज्या व फळे हे त्यांच्या उपजीविकेचे जुने आधार होते. वनक्षेत्र, संस्थांची आवारे आणि बांधकामे यांच्या सीमा आखल्या गेल्या, तसे हे आधार आक्रसत गेले. वीज, नळाचे पाणी व जमिनीची मालकी या मागण्यांसाठी या पाड्यांतील रहिवाशांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला आहे.

बांधकाम मजुरांच्या वस्त्या हा पवईच्या इतिहासाचा दुसरा भाग आहे. ६ जून २०२४ रोजी जयभीम नगर येथील सुमारे ६५० झोपड्या पाडण्यात आल्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत निवासी झोपड्या पाडण्यास मनाई करणारा राज्य शासनाचा २०२१ चा निर्णय तेव्हा लागू होता. या कारवाईविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विशेष तपास पथकामार्फत चौकशी करण्याचे आदेश दिले. अनेक कुटुंबांनी तो पावसाळा पदपथावर काढला.

तलावाची स्थिती

१९९० च्या दशकापर्यंत तलावात खाणींतील गाळ आणि भोवतालच्या वस्त्यांतील सांडपाणी साचत गेले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे जलपर्णी माजते. जलपर्णीचा थर पृष्ठभाग झाकतो, सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. मेलेली जलपर्णी तळाशी कुजते व गाळात भर घालते. त्यामुळे नुसती जलपर्णी काढण्याने प्रश्न सुटत नाही. सांडपाणी येत राहिले की ती पुन्हा पसरते.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवई तलावाचा समावेश झाल्यावर पाण्यात हवा मिसळणे आणि जिवाणूंच्या साहाय्याने जैविक शुद्धीकरण करणे, असे प्रयोग करण्यात आले. त्यांचा परिणाम टिकला नाही. महापालिकेच्या अंदाजानुसार तलावात दररोज सुमारे १८ दशलक्ष लिटर सांडपाणी येते. हे पाणी अडवून काही भाग मलनिस्सारण वाहिन्यांत वळवणे व उरलेल्या भागासाठी तलावाजवळ प्रक्रिया केंद्र उभारणे, अशी योजना महापालिकेने हाती घेतली आहे.

प्रदूषण असूनही तलावातील जीवसृष्टी समृद्ध आहे. येथे गोड्या पाण्यातील मगरी आढळतात. पावसाळ्यानंतर काठावर ऊन खात पडलेल्या मगरी पाहण्यासाठी लोक थांबतात. पाणकावळे, बगळे, कमळपक्षी, खंड्या हे पक्षी नेहमी दिसतात. गणेशोत्सवात तलावावरील गणेश घाटावर मोठ्या संख्येने मूर्तींचे विसर्जन होते.

सायकल मार्गाचे प्रकरण

२०२१ मध्ये महापालिकेने तलावाभोवती सायकल व पायी फिरण्याचा मार्ग बांधण्यास सुरुवात केली. त्यासाठी काठालगत दगडांचा भराव टाकण्यात आला. भरावामुळे मगरींची अंडी घालण्याची व ऊन खाण्याची जागा नष्ट होईल आणि पाणथळ जागेचे नुकसान होईल, असा आक्षेप तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक विद्यार्थी व पर्यावरण कार्यकर्ते यांनी घेतला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाला तात्पुरती स्थगिती दिली. ६ मे २०२२ रोजी अंतिम निकालात हे काम पाणथळ जागा नियम, २०१७ यांच्याविरुद्ध असल्याने बेकायदेशीर ठरवण्यात आले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश देण्यात आला. मानवनिर्मित तलाव असला तरी त्याच्या काठाला पाणथळ जागेचे संरक्षण मिळू शकते, हा मुद्दा या निकालामुळे अधोरेखित झाला.

पाणीपुरवठा आणि शहापूर तालुका

पवई तलावाकाठी राहणारे लोक पवईचे पाणी पीत नाहीत. त्यांच्या नळाला येणारे पाणी मुंबई महापालिकेच्या एकत्रित यंत्रणेतून येते आणि या यंत्रणेचा मुख्य आधार ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका आहे. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), मध्य वैतरणा (२०१४) आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच तालुक्याच्या परिसरात आहेत. सात जलाशयांच्या सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर उपयुक्त साठ्यापैकी सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, एकट्या भातसा धरणात असतो.

धरणातून सोडलेले पाणी भातसा नदीच्या पात्रातून वाहत येते. मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील वाशिंद हे गाव याच नदीच्या काठी आहे. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १८५५ मध्ये खुला झाला होता आणि काही वर्षे वाशिंद हेच या बाजूचे शेवटचे स्थानक होते. वाशिंदच्या पुढे, भिवंडी तालुक्यातील पिसे येथे बंधाऱ्यावर हे पाणी उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध केले जाते व जलवाहिन्यांनी मुंबईकडे नेले जाते.

ज्या तालुक्यातून हे पाणी जाते, त्या शहापूरमधील अनेक गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे एक कारण भूरचनेत आहे. जलाशय खोल दऱ्यांत आहेत व पाडे वरच्या पठारांवर. बेसॉल्ट खडकाच्या थरांत पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे भरपूर पाऊस होऊनही विहिरी मार्च–एप्रिलपर्यंत तळ गाठतात. दुसरे कारण नियोजनाचे आहे. धरणे व वाहिन्या आखताना दूरच्या शहराची गरज डोळ्यांसमोर होती, वाटेवरच्या गावांसाठी पाणी वर चढवण्याची तरतूद पुरेशी झाली नाही. तालुक्याच्या टंचाईग्रस्त भागासाठी नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना पुढे हाती घेण्यात आली.

तलावाकाठच्या सदनिकेतील नळ आणि वाशिंद–शहापूर भागातील पाडा हे अशा रीतीने एकाच जलव्यवस्थेचे दोन टोकांचे घटक आहेत. मुंबईच्या पाणीवाटपाचा अभ्यास करताना पवई तलाव आणि भातसा जलाशय यांची तुलना उपयुक्त ठरते: पहिला वस्तीला लागून असूनही पिण्यासाठी निरुपयोगी झाला आणि दुसरा दूर असूनही शहराचा मुख्य आधार बनला.

वाहतूक

मध्य रेल्वेवरील कांजुरमार्ग हे पवईला सर्वांत जवळचे उपनगरी स्थानक आहे. विक्रोळी व घाटकोपर येथूनही बस व रिक्षा मिळतात. पश्चिमेकडून अंधेरी व जोगेश्वरी येथून जोडरस्त्याने पवईला येता येते. मुंबई मेट्रोची मार्गिका ६, स्वामी समर्थ नगर ते विक्रोळी, पवई तलावाच्या बाजूने जाते आणि तिचे काम सुरू आहे. मार्गिका ३ चे आरे स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाल्याने पवईकरांना भुयारी मेट्रोही तुलनेने जवळ आली आहे. सकाळ–संध्याकाळच्या वेळी जोडरस्त्यावर होणारी वाहतूककोंडी ही येथील रहिवाशांची नित्याची अडचण आहे.

प्रशासकीयदृष्ट्या पवईचा मोठा भाग महापालिकेच्या एस विभागात व काही भाग एल विभागात येतो. टपाल सांकेतांक ४०००७६ आहे.